मडावी बाईंच्या नावापुढचा शब्द

“...आणि चार-चार शब्दकोशांत जे सापडत नाही, ते त्या शब्दात आलं कुठून, बाबा? तुम्हीच सांगा!”

डॉ. ठोसर उभ्यानेच बोलत होते. चपला बाहेर काढल्या होत्या, पण राग आत घेऊन आले होते.

मदारशा बाबा गोधडीचा उसवलेला कोपरा शिवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“बस,” ते म्हणाले.

ठोसर बसले. मांडीवर फाईल आणि फाईलवर दोन्ही हात.

हे ठोसर म्हणजे तालुक्याच्या कॉलेजातले इंग्रजीचे विभागप्रमुख. बारा वर्षं दर गुरुवारी तकियावर, म्हणजे बाबांच्या ह्या फकिरी मठीत, येतात. महत्त्वाचा कागद असला की तो आधी बाबांपुढे ठेवायचा, बाबांनी त्यावर उदीचं बोट टेकवायचं, मग तो कागद जायचा तिकडे जायचा, असा त्यांचा शिरस्ता. मुलाच्या ॲडमिशनचा फॉर्म असाच गेला. त्यांचा स्वतःचा प्रबंधही असाच गेला. बाबांना अक्षर वाचता येत नाही, त्यामुळे त्यांचं बोट कुठल्या कागदावर अडलं नव्हतं.

मी सुदाम. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो. आता तकियावर झाडलोट करतो, पाणी भरतो. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे कोणी म्हणायला नको की सुदामने मीठमसाला लावला.

“उदी लावा, बाबा.” ठोसरांनी फाईलमधून एक कागद काढून पुढे सरकवला. “पाच वाजेपर्यंत पोचवायचा आहे.”

“काय हाय ते?”

“अभिप्राय आहे. एका इंग्रजी शब्दाबद्दल.”

“शब्दानं काय केलं?”

“शब्दाने काहीच केलेलं नाही! तेच तर मी सगळ्यांना ओरडून सांगतोय.”

“मंग एवढा काहून तापला?”

“कारण लोकांना इंग्रजी येत नाही आणि इंग्रजी शब्दाने अपमान झाला असं मात्र लगेच वाटतं. आता ह्या एक शिक्षिका आहेत, त्यांच्या गोपनीय अहवालात...”

बाबांची सुई थांबली.

“सुदाम, चटई टाक.”

तकियावर एक रीत आहे. कोणाचाही विषय काढायचा तर आधी त्या माणसाची चटई टाकायची. माणूस हजर नसला तरी टाकायची. आणि मग जे काही बोलायचं ते चटईकडे तोंड करून बोलायचं. ह्या रीतीमुळे आमच्या तकियावर गर्दी होत नाही. पुष्कळ जण चटई पाहिली की पाणी पिऊन निघून जातात.

मी चटई झटकली आणि ठोसरांच्या समोर अंथरली.

“बाबा, विषय गोपनीय आहे. त्या बाई इथे नाहीत.”

“म्हनून तं चटई.”

ठोसरांनी मान हलवली. मग शिकलेला माणूस अडाण्यापुढे जसा हसतो तसं हसले, आणि चटईकडे वळले.

“कौसल्या मडावी. आश्रमशाळेत सहायक शिक्षिका.”

एवढं बोलून ते अडखळले. रिकाम्या चटईशी बोलणं वाटतं तितकं सोपं नसतं.

हकीकत अशी होती. आश्रमशाळेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. नंबर मडावी बाईंचा होता, पण जागा त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी ज्युनियर असलेल्या माणसाला मिळाली. त्याला आता दोन वर्षं झाली. बाईंनी अर्ज केला, की माझं काय चुकलं ते तरी सांगा. एका अर्जाचे चार झाले, तेव्हा संस्थेने तीन माणसांची समिती नेमली. समितीने बाईंची फाईल उघडली. फाईलमध्ये ना मेमो, ना तक्रार. फक्त एका वर्षीच्या गोपनीय अहवालात, ‘स्वभाव’ ह्या रकान्यात, एक इंग्रजी शब्द होता. तो चांगला की वाईट, हे ठरवायला समितीने ठोसरांचा अभिप्राय मागितला.

“कोन्ता?”

“आउटस्पोकन.”

“म्हंजे?”

“स्पष्टवक्ती. मनात आहे ते उघडपणे बोलणारी. बस, एवढाच अर्थ. चारही कोश एकमुखाने हेच सांगतात.”

“बरा हाय का वाईट?”

“बरा नाही, वाईट नाही. तटस्थ!” ठोसरांचा आवाज पुन्हा चढला. “समितीतला एक सदस्य मला म्हणतो, सर, ह्या शब्दाला जरा वास येतो. वास! शब्द म्हणजे काय मासळी आहे? मी चारशे इंग्रजी विशेषणांची यादी केली आहे, बाबा. शेरे लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी. तीन रकाने केले आहेत. अनुकूल, तटस्थ, प्रतिकूल. दोन वर्षं खपलो तिच्यावर. सिंपल, तटस्थ. ॲम्बिशियस, तटस्थ. टॉकेटिव्ह, प्रतिकूल. आउटस्पोकन, तटस्थ. संपला विषय.”

यादी त्यांच्याजवळच होती. बाईंडिंग केलेली, वर सोनेरी अक्षरं.

माझ्याने राहवलं नाही.

“सर, माझ्या बहिणीला पाहून गेले होते. मध्यस्थाने निरोप आणला, मुलगी छान आहे, जरा बोलकी आहे. आमच्या वडिलांनी त्याच क्षणी दुसरं स्थळ शोधायला घेतलं. ‘बोलकी’ तुमच्या कुठल्या रकान्यात?”

“ते मराठी झालं. मी इंग्रजीबद्दल बोलतोय.”

“इंग्रजीत पाहुणे येत नाहीत वाटतं मुलगी बघायला?”

“सुदाम,” बाबा म्हणाले.

मी गप्प बसलो. पण मनातून नाही.

बाबांनी टाका घातला, ओढला.

“मास्तर, शब्द तटस्थ निघाला तं बाईचं काय होते?”

“काहीच होत नाही.”

“म्हंजे?”

“म्हणजे...” ठोसर चटईकडे न बघता बोलू लागले. बाबांनी सुईनेच चटई दाखवली. ठोसर पुन्हा वळले. “संस्थेचा नियम असा आहे. शेरा प्रतिकूल असेल, तर तो कर्मचाऱ्याला लेखी कळवावा लागतो. कळवला नसेल, तर तो त्याच्याविरुद्ध धरता येत नाही. आणि शेरा तटस्थ असेल तर कळवायची गरजच नाही. तो राहतो.”

“हिले कळवला होता?”

“नाही. तटस्थ आहे ना.”

“आन् त्याच शब्दापायी जागा गेली?”

“तसं लिहून कोणी ठेवत नाही, बाबा. फाईल वर जाते, वरचा माणूस शब्द वाचतो, आणि पुढची फाईल उचलतो.”

मी पाण्याची घागर जरा जोरातच खाली ठेवली. तीस वर्षांत मी बिनतिकिटाचे कितीक प्रवासी पकडले, पण अशी सफाई पाहिली नव्हती. वाईट शब्द असता तर बाईला वकील मिळाला असता. वाईट नाही म्हणून तिला बोलायलाही जागा नाही. आणि जिच्यावर ठपका काय, तर ती बोलते!

बाबांनी विचारलं, “त्या कागदाचा लिफाफा डकवला होता?”

“हो. सीलबंद असतो.”

“आतमंदी काय होतं?”

“सांगितलं ना. एक तटस्थ शब्द.”

बाबांनी दाताने दोरा तोडला.



“नियम आहे तो, बाबा,” ठोसर म्हणाले. कोणी काही विचारलं नव्हतं तरी म्हणाले.

“सुदाम, लुना काढ. चटई रिकामी हाय.”

ठोसर ताडकन उठले. “बाबा, हे नियमबाह्य आहे! तो शेरा त्यांना कळवायचा अधिकार मला नाही. मी निघून जाईन.”

“जाय ना. कोनं धरलं तुले?”

ठोसरांनी कागदाकडे पाहिलं. कागद बाबांच्या गुडघ्यापाशी होता आणि त्यावर अजून उदी लागली नव्हती. बारा वर्षांत त्यांचा एकही कागद उदीवाचून गेला नव्हता. ते दारापर्यंत गेले, बाहेर बघत उभे राहिले, आणि परत येऊन बसले.

मी लुनाला किक मारली.

आश्रमशाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. दुपारची सुट्टी होती. मडावी बाई मुलांच्या पंगतीत वाकून एकेकाच्या ताटात पाहत होत्या. वरण पातळ आहे म्हणून आचाऱ्याशी त्यांचं काहीतरी चाललं होतं. पंचेचाळिशीच्या बाई, अंगाने किरकोळ, हाताला खडू.

“बाबांनी बोलावलंय,” मी म्हणालो. “तुमचा विषय निघालाय. चटई टाकली आहे.”

“माझा? कोणी काढला?”

“चला म्हणजे कळेल.”

त्यांनी हात धुतले आणि शेजारच्या बाईंना वर्गाकडे लक्ष ठेवायला सांगितलं. लुनावर मागे बसताना एवढंच म्हणाल्या, “सव्वाला परत सोडा, भाऊ. पाचवीचा गणिताचा तास आहे.”

तकियात पाऊल टाकताच त्यांनी ठोसरांना ओळखलं.

“नमस्कार, सर.”

ठोसर फाईलची दोरी सोडत होते. ती सुटेना.

बाई बाबांच्या पाया पडल्या आणि चटईवर बसल्या.

“सांग, मास्तर. चटईले सांगतलं ते हिले सांग.”

ठोसरांनी घसा साफ केला. “मडावी बाई... तुमच्या अर्जाच्या संदर्भात... म्हणजे तसं विशेष काही नाही. खरं तर काळजीचं कारण नाही...”

“काय लिहिलंय, सर?”

“ते सांगण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्या. भाषेत शब्दाचा मूळ अर्थ वेगळा आणि त्याच्याभोवती...”

“सर, काय लिहिलंय?”

“आउटस्पोकन.”

बाई वाट पाहत राहिल्या.

“अजून?”

“अजून काही नाही. एकच शब्द आहे.”

“एकच?”

त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. मला वाटलं रडतील. नाही रडल्या.

“दोन वर्षं झाली, सर,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं मी शोधत होती, की माझ्या नावापुढं काय लिहिलं असेल. घरी मालक विचारत, कौसल्या, तू नेमकं केलंस काय? भाऊ विचारे. स्टाफ रूममध्ये गेली की सगळे पेपर वाचायला लागत. मला वाटलं, पोरांचं धान्य खाल्लं असं लिहिलं असेल. मला वाटलं... बाईमाणसाबद्दल अजून काय लिहितात ते तुम्हाला माहीत आहे. पंधरा वर्षांची नोकरी मी दिवस-दिवस उलटून पाहिली, कोणाशी हसली, कोणासोबत जीपमध्ये बसली. आणि आत एवढंच होतं?”

“बघा! म्हणजे तुम्हालाही...”

“ह्याचा अर्थ काय, सर? मी मराठी आणि गणित शिकवते.”

“स्पष्टवक्ती. उघड बोलणारी.”

“बोलणारी.” बाईंनी मान हलवली. “खरं आहे. बोलली मी.”

ठोसरांचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

“ऐकलंत ना, बाबा? त्यांचीच हरकत नाही! त्यांना स्वतःला शब्द मान्य आहे. मी तरी दुसरं काय म्हणत होतो? घ्या, लावा उदी.”

घागर हाताशी होती. ती त्यांच्या डोक्यावर ओतायची मला फार इच्छा झाली. बाबांसमोर होतो म्हणून थांबलो.

बाबांचं बोट हललं नाही.

“बोलली हे लिहिलं, सर,” मडावी बाई म्हणाल्या. “काय बोलली ते कुठं लिहिलं?”

“शेऱ्यात तसा रकाना नसतो.”

“नसतो?”

“नाही. स्वभावाचा असतो, वर्तनाचा असतो, वेळेवर येण्याचा असतो...”

“आणि लच्छू आत्रामचा?”

ठोसर गोंधळले. “कोण लच्छू आत्राम?”

आता मात्र बाईंचा आवाज बदलला. ओरडल्या नाहीत, पण तकियाच्या भिंतीला तो लागला.

“चौथीतली पोरगी. स्नेहसंमेलनाच्या आधी तीन दिवस तापानं फणफणत होती. पाहुणे येणार, आजारी पोर दिसायला नको म्हणून अधीक्षकांनी तिला कोठीत नेऊन टाकलं. तांदळाच्या पोत्यांमागं. मी पहिल्या दिवशी सांगितलं. हळूच सांगितलं, हात जोडून. ते म्हणाले, ढोंग आहे, घरी जायचं आहे तिला. दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला. अर्जावर ‘पाहू’ लिहून आलं. चौथ्या दिवशी संमेलन. कोठीत गेली तर पोरगी डोळे उघडेना. मी सरळ स्टेजपुढं जाऊन उभी राहिली.” त्या थांबल्या. “सर, तुम्ही होते ना तिथं. दुसऱ्या खुर्चीवर.”

ठोसर फाईलची दोरी बोटाला गुंडाळू लागले.

“होता?” बाबांनी विचारलं.

“पाहुणा म्हणून बोलावलं होतं. इंग्रजी विभागातर्फे...”

“होता का?”

“होतो.”

“हे आल्याबरोबर काहून नाई सांगतलं?”

“त्याचा शब्दाच्या अर्थाशी काही संबंध नाही, बाबा.”

बाबांनी सुई गोधडीत खोचली आणि पहिल्यांदा ठोसरांकडे नीट पाहिलं.

“बरं. मंग तू साक्षीदार झाला. काय बोलली हे बाई?”

“त्या एकदम पुढे आल्या. प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू होतं...”

“काय बोलली?”

“आवाज फार चढलेला होता. पदर खोचलेला. हात असा वर... सगळा कार्यक्रम...”

“मास्तर. काय बोलली?”

ठोसरांनी डोळे मिटले. खरोखर आठवत होते बिचारे, ते दिसत होतं. कपाळाला आठ्या पडल्या. ओठ हलले...

बाहेर एक बैलगाडी जाऊन तिचा आवाज विरला तरी ते आठवतच होते.

“आठवत नाही,” ते म्हणाले. “मोठ्याने बोलल्या, एवढंच आठवतं.”

ह्या माणसाला बारा वर्षं मी माझ्या हाताने पाणी दिलं, ह्याचा मला संताप आला. आणि संतापाच्या पाठोपाठ लाजही आली. कारण बहिणीचं स्थळ मोडलं तेव्हा ती पाहुण्यांपुढे काय बोलली होती, हे मी तिला आजवर विचारलं नव्हतं.

“मी सांगते,” मडावी बाई म्हणाल्या. “साहेब, भाषण थांबवा. लच्छू आत्राम कोठीत पडली आहे, तिचे हातपाय गार पडले. तुमची जीप द्या. एवढं बोलली. भाषण करणारे साहेब मधेच थांबले आणि ड्रायव्हरला म्हणाले, जा. तुम्ही घड्याळ पाहिलं होतं, सर. मला आठवतं.”

पोरीचं पुढे काय झालं, हे ठोसरांनी विचारलं नाही. त्यांची नजर कागदावर होती.

“बाई, मी तुमच्या बाजूने आहे,” ते घाईने म्हणाले. “हे पाहा. इथे दोन चौकोन आहेत. मी तटस्थवर खूण केली आहे. ती खोडतो. प्रतिकूलवर करतो. शेरा प्रतिकूल, आणि तुम्हाला कळवलेला नाही, म्हणून तो रद्द. तुमची जागा तुम्हाला मिळेल. इंग्रजीच्या दृष्टीने मला ते पटणार नाही, पण करतो. झालं?”

“म्हणजे बोलणं हा दोष आहे, असं तुम्ही सहीनिशी लिहून देणार?”

“तांत्रिकदृष्ट्या...”

“तटस्थ लिहिलं तर माझं बोलणं शाबूत राहतं आणि मी बुडते. प्रतिकूल लिहिलं तर मी तरते आणि उद्या दुसरी कोणी बाई तोंड उघडायच्या आधी दहादा विचार करते. वा सर! दोन चौकोन केले आणि दोन्हींत मीच मरते.”

“मग मी करू तरी काय?” आता ठोसरही चिडले. “समितीने एक खूण मागितली आहे. मी भाषेचा माणूस आहे, पंच नाही!”

बाबांनी गुडघ्यापाशी पडलेला कागद उचलला. उलटा केला. कोरी बाजू वर आली. तो ठोसरांपुढे ठेवला.

“लिही.”

“काय?”

“जे बोलली ते.”

“ही मागची बाजू आहे, बाबा.”

“मले वाचता येत नाई. मले दोन्ही बाजू सारख्या.”

ठोसर हसले नाहीत. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं.

“हे लिहिलं तर त्यांना सगळं प्रकरण उघडावं लागेल. कोठी, अर्ज, सगळं. अधीक्षक कोणाचे जावई आहेत माहीत आहे का? पुन्हा कधी माझा अभिप्राय मागणार नाहीत. माझी यादी छापायचं कबूल केलंय संस्थेने, तेही...”

बाबांनी पुन्हा सुई हातात घेतली.

मडावी बाई उठल्या. चटई गुंडाळायला लागल्या.

“नका लिहू, सर. मला कोणाचे उपकार नकोत. शब्द काय होता ते ऐकायचं होतं, ऐकलं. घरी जाऊन सांगीन, बाकी काही नव्हतं, बोलली एवढंच होतं. माझा तास आहे.” मग चटई तशीच हातात धरून त्या वळल्या. “पण तो शब्द चांगला का वाईट, हे आता कोणाला समजावून सांगू नका. त्या दिवशी त्या मांडवात तीनशे माणसं होती. त्यातली दहा जरी बोलली असती, तर मी बोलली हे कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं.”

त्यांनी चटई माझ्या हातात दिली. 

त्या दारापर्यंत गेल्या.

“थांबा,” ठोसर म्हणाले.

पेन पुन्हा बाहेर आलं होतं. टोपण काढलेलं होतं.

“परत सांगा. जरा हळू.”

“हळू दोनदा सांगून झालं होतं, सर.”

ठोसरांनी मान खाली घातली. “जसं सांगितलं होतं तसं सांगा.”

बाईंनी सांगितलं. दारात उभं राहून, त्या दिवशी सांगितलं असेल तशा आवाजात सांगितलं. तकियाच्या मागे चरणारी शेळी चमकून पुढे आली. ठोसर लिहीत होते. हा माणूस वाण्याची यादीसुद्धा इंग्रजीत करतो, आणि आता मराठीत लिहीत होता. दोनदा खोडलं.

“कोठी लिहू की स्टोअर रूम?”

“कोठी.”

“कोठी.” त्यांनी लिहिलं.

खाली आणखी एक ओळ लिहिली आणि ती मोठ्याने वाचली. “हे सर्व माझ्यासमोर बोलले गेले. मी त्या वेळी गप्प होतो.” मग सही केली. पूर्ण नाव, पदवी, तारीख. पदवी लिहिल्यावर क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले.

कागद पुन्हा सुलटा केला. तटस्थपुढची खूण त्यांनी खोडली होती. दोन्ही चौकोन मोकळे होते. पेन दोघांच्या मधे अधांतरी.

“आता इथे काय करू, बाबा?” आवाजातला ताठा गेला होता, पण प्रश्न तोच होता. “मागे लिहिलं ते लिहिलं. पण इथे काहीतरी भरावं लागेल ना? शेवटी शब्द कसला आहे?”

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दारात उभ्या बाईंना विचारलं,

“पोट्टी कशी हाय व आता?”

“लच्छू?”

मडावी बाई हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा.

“सहावीत आहे, बाबा. बडबडी झाली आहे, नुसती बडबडी! घडीभर तोंड मिटत नाही. वर्गात बोलते, जेवताना बोलते, झोपेत बोलते म्हणतात पोरी. परवा निरीक्षक आले तर त्यांनाच म्हणाली, साहेब, आमचं वरण खाऊन पाहा ना. काय करावं तिचं, सांगा!”

“बडबडी...” ठोसर पुटपुटले. सवयीने त्यांचा हात त्या बाईंडिंगच्या यादीवर गेला. “बडबडी म्हणजे टॉकेटिव्ह. हा शब्द तसा...”

त्यांचं तोंड उघडंच राहिलं...

बाबांनी गोधडी बाजूला ठेवली.

“थांबला काहून, मास्तर? सांग ना.”